तुम्ही विचारलंत म्हणून : रेटिंग वाईट, तरी तीच गाडी का?

परभणीत एका आयटीआयमध्ये मी मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. ऑगस्टमध्ये नवी बॅच येते आणि दिवाळीच्या आत कुणीतरी एकजण विचारतोच, "सर, गाडी घ्यायच्या आधी भरवशाचे आकडे बघा म्हणून तुम्हीच सांगता. मग तुमच्या गाडीचं रेटिंग एवढं खराब असून तुम्ही ती कामून ठेवली?" शेजारी, सोयरे, जुने विद्यार्थीही हेच विचारतात, फक्त शब्द वेगळे. ज्या गाड्यांवर लोक जीव टाकतात, त्यातल्या कितीतरी या याद्यांमध्ये तळाला कशा? यादी चुकते का लोक?

माझी गाडी 2009 सालची, डिझेल. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला गाऱ्हाणं मांडायचं नाही. पाऊस संपल्यावर जिंतूर रोडचं डांबर उखडतं तेव्हा ही गाडी चालवून बघावी. बाकीच्या गाड्या खड्डे चुकवत जातात, ही सरळ जाते आणि आत बसलेल्याचा चहा सांडत नाही. डांबर कुठे संपलं, मुरूम कुठे लागला, पुढचं चाक कुठे ओल्या मातीवर गेलं, हे डोळ्यांच्या आधी हातांना कळतं. पंचवीस वर्षं मी गाड्या खोलतोय. असं स्टेअरिंग माझ्या हाताखालून फार थोड्या वेळा गेलं.

आता यादीकडे येतो. अमेरिकेतली 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' ही 1936 पासूनची संस्था. ती जाहिराती घेत नाही आणि चाचणीच्या गाड्या स्वतःच्या पैशानं विकत घेते. भरवशाचे गुण मात्र ती चाचणीवरून देत नाही. सभासदांना विचारते, गेल्या 12 महिन्यांत तुमच्या गाडीनं काय काय काम काढलं? इंजिन, गिअरबॉक्स इथपासून ब्रेकची कुरकुर आणि आतली निघालेली पट्टी इथपर्यंत 20 खाती केलेली असतात. मोठ्या बिघाडाला जास्त वजन, किरकोळीला कमी. एकेका वर्षी 3 लाखांहून जास्त गाड्यांची माहिती गोळा होते. 'जे. डी. पॉवर'ची पद्धत वेगळी. त्यांच्या एका पाहणीत नवी गाडी घेतल्यापासून पहिल्या 90 दिवसांत 100 गाड्यांमागे किती तक्रारी आल्या, ते मोजतात.

यात लबाडी कुठे आहे? मला तरी दिसत नाही. "या लोकांना गाडी चालवण्यातला आनंद कळत नाही म्हणून ते आपल्या गाड्या पाडतात," असं शौकीन मंडळी म्हणतात तेव्हा मी माझदाची एमएक्स-5 पुढे करतो. दोन सीटची, उघड्या टपाची, मागच्या चाकांना जोर देणारी ही गाडी 1989 पासून जगभरच्या शौकिनांची लाडकी आहे. 2020 मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या यादीत माझदा पहिली आली, आणि तिच्या गाड्यांत सर्वांत वर होती ती हीच एमएक्स-5. म्हणजे गाडी आवडती असणं हा यादीत गुन्हा नाही.

त्याच्या उलट टोकाचं उदाहरण टेस्लाचं आहे, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. 2015 च्या ऑगस्टमध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्सनं मॉडेल एसच्या पी85डी या गाडीची चाचणी घेतली. गाडी इतकी सरस निघाली की गुणांची बेरीज 100 पैकी 103 झाली आणि त्यांना मोजपट्टीच बदलावी लागली. दोनच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, मालकांकडून आलेल्या बिघाडांच्या नोंदी बघून त्याच संस्थेनं मॉडेल एसचा भरवसा सरासरीच्या खाली ठरवला आणि शिफारस काढून घेतली. आणि त्याच पाहणीत 97 टक्के मालक म्हणाले होते की आम्ही पुन्हा हीच गाडी घेऊ. मुलांना हे सांगितलं की ती हसतात, त्यांना हा गोंधळ वाटतो. मला त्यात गोंधळ दिसत नाही. गाडी चालते कशी, बिघडते किती आणि मालकाचं मन तिच्यावर बसलंय का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. संस्थेनं ते वेगळे विचारले आणि उत्तरंही वेगळी छापली. आपण त्यातलं एकच उत्तर उचलतो आणि तेवढ्यावर भांडतो.

यादी वाचताना दोन गोष्टींचं भान मात्र ठेवावं लागतं. पहिली म्हणजे 'बिघाड' कशाला म्हटलंय. 2011 मध्ये जे. डी. पॉवरच्या त्या 90 दिवसांच्या यादीत फोर्ड पाचव्या नंबरवरून तेविसाव्या नंबरवर घसरली. त्यात मोठा वाटा नव्या टचस्क्रीनचा होता. लोकांना ती वापरायला अवघड गेली, ती तक्रारही मोजली गेली. तक्रार खरीच होती, पण गाडी रस्त्यात उभी राहणं वेगळं आणि पडद्यावर गाण्याचं बटण न सापडणं वेगळं. दुसरी गोष्ट, नंबर हा नेहमी दुसऱ्याच्या तुलनेत असतो. वर्गात सगळ्यांना 90 च्या वर पडले तरी शेवटचा नंबर कुणाचा तरी येतोच. म्हणून जुनी गाडी घेताना यादीतला एकूण रंग लाल (वाईट) का हिरवा (चांगला) एवढंच बघू नका. लाल खूण कुठल्या खात्यात आहे ते शोधा. काच खाली-वर करणारी मशीन वारंवार जाते म्हणून पडलेले गुण आणि गिअरबॉक्स जातो म्हणून पडलेले गुण यात लाखाचा फरक असू शकतो. (आणि भारत एनकॅपचे स्टार बघून "पाच स्टारची आहे, बिघडणार नाही" म्हणणारे मला आठवड्याला एकतरी भेटतात. 2023 मध्ये सुरू झालेले ते स्टार धडकेत माणूस किती वाचतो याचे आहेत. गाडी किती टिकते याच्याशी त्यांचा संबंध नाही.)

आता माझी गोष्ट सांगतो. 2016 च्या मे महिन्यात जिंतूरहून परत येत होतो. बोरीच्या पुढे तिसऱ्यातून दुसऱ्यात घ्यायला गेलो आणि गिअरचा लिव्हर हातात लुळा पडला. ताकात रवी फिरावी तसा चहूकडे फिरतोय, गिअर मात्र हलत नाही. गाडी बाभळीच्या सावलीला घेतली, बॉनेट उघडलं, एअर फिल्टरचा डबा काढला. खाली गिअरबॉक्सच्या डोक्यावर केबलचं टोक मोकळं लोंबत होतं. त्या टोकात बोटाच्या पेराएवढा प्लॅस्टिकचा बुश, म्हणजे छोटं पोकळ कडं, असतो. त्याचे दोन तुकडे बॅटरीखालच्या ट्रेमध्ये सापडले. आपल्याकडचं ऊन आणि इंजिनची धग खाऊन प्लॅस्टिक इतकं ठिसूळ झालं होतं की चिमटीत धरल्यावर उडदाच्या पापडासारखं आणखी तुटलं. गिअर तिसऱ्यातच अडकलेला. हाफ क्लचवर हळूहळू उचलत, टोचन न लावता, तिसऱ्यावरच घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरमध्ये कळलं की नुसता बुश मिळत नाही, पूर्ण केबल बदलावी लागेल, मागवली तर पंधरा दिवस. तुकडे खिशात घालून मी लेथवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी व्हर्नियर लावला, पितळेची कांडी चकमध्ये धरली. "कल आऊ क्या?" विचारलं तर म्हणाले, "कल कायको, अब्बीच लेके जाव." चाळीस मिनिटांत बुश तयार. आतून हात फिरवला तर काचेसारखा गुळगुळीत. तो आजही गाडीत आहे.

यादीत माझी ही गोष्ट काय म्हणून गेली असती? गिअरच्या खात्यात एक फुली. आणि ती फुली रास्त आहे. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाएवढी वस्तू उन्हात टिकत नसेल आणि सुटी मिळतही नसेल, तर ते गाडीचंच उणं. मला बॉनेट उघडता येतं आणि चाचांचं दुकान माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, हे काही गाडीचे गुण नाहीत.

हे मला तेव्हा उमगायला हवं होतं जेव्हा, 2013 मध्ये, मी माझ्या मेहुण्याला हेच मॉडेल घ्यायला लावलं. तो अहमदपूरला राहतो. त्याच्याजवळ पैसे जेमतेम होते, आणि त्याला दुसरी एक छोटी गाडी पसंत होती. मी त्याला माझी चालवायला दिली, सस्पेन्शनचं कौतुक केलं, "आयुष्यभर नाव काढशील" म्हणालो. पुढच्या वर्षी त्याच्या गाडीचा डिझेल पंप गेला. पार्ट येईना, गाडी 23 दिवस वर्कशॉपमध्ये. त्याच काळात सासऱ्यांचं डायलिसिस लातूरला सुरू होतं, आठवड्यातून दोनदा. दर खेपेला पहाटे भाड्याची गाडी बघायची, तिचा ड्रायव्हर उठेपर्यंत म्हाताऱ्या माणसाला ओसरीत बसवून ठेवायचं. मेहुण्यानं मला एक शब्द बोलून दाखवला नाही. गाडी विकल्यावर तेवढं म्हणाला, "दाजी, गाडी चांगलीच आहे हो. पण आम्हाला नाही झेपली." ते वाक्य आठवलं की अजून मान खाली जाते.

त्यानंतर मी गाडीच्या कामांची वही घालायला लागलो. तारीख, किलोमीटर, काय गेलं, किती दिवस उभी राहिली. सात वर्षांनी मोजलं तर 31 नोंदी. वही नसती आणि कुणी तोंडी विचारलं असतं, तर मी छातीठोकपणे "पाच-सहा वेळा, तेही किरकोळ" असं सांगितलं असतं. खोटं बोलायचं म्हणून नव्हे, मला खरंच तेवढंच आठवत होतं. आवडत्या गाडीचं दुखणं माणूस मनात धरत नाही. म्हणून तर कुणीतरी हजारो अनोळखी लोकांना विचारून मोजायला लागतं, आणि म्हणूनच त्या मोजण्याला मी मान देतो.

तेव्हा कुणी सल्ला मागितला की मी आता आधी एकच विचारतो. गाडी सकाळी चालू झाली नाही तर त्या दिवशी घरात कुणाचं काय अडेल? गेल्या महिन्यात एका आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आल्या होत्या. रात्री-अपरात्री ड्यूटी, घरी लहान मूल. त्यांनाही माझ्या गाडीसारख्याच एका देखण्या जुन्या गाडीनं भुरळ घातली होती. मी म्हटलं, ताई, ही घेऊ नका, यादीत वरच्या तीन-चार गाड्या आहेत त्यातली परवडेल ती घ्या. त्यांनी सरळ विचारलं, "मग सर, तुम्ही तुमची विकता का?"

नाही विकत. पण ती मला ठेवता येते, कारण आमच्या दारात आणखी एक गाडी उभी असते. बायकोची छोटी पेट्रोल गाडी, नऊ वर्षांची, जिचं स्टेअरिंग हाताला काहीच सांगत नाही आणि जी रोज सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते. मी वही घेऊन बसतो ते मोठ्या गाडीच्या नोंदी लिहायला. या छोटीच्या नावाचं पान मी कधी घातलंच नव्हतं, ते परवा सिस्टर गेल्यावर घातलं.