दुचाकीच्या लायसन्सची टेस्ट: गाडी स्वतःचीच न्या, पण आधी तिला तयार करा

लर्निंग लायसन्सला ३० दिवस झाले आणि सारथी या सरकारी वेबसाइटवर टेस्टचा स्लॉट मिळाला की बरेच जण ऐन वेळी मित्राची 'चांगली' गाडी मागून आणतात. असं करू नका. महिनाभर ज्या गाडीवर हात बसवलाय, तीच न्या. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढं दाबून पडतात, पल्सरचा पहिला खाली आणि बाकीचे वर. टेस्टच्या वेळी पाय सवयीनं चालतो. परक्या गाडीवर तीच सवय आडवी येते.

गाडी वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असली तरी चालते. आरसी, चालू इन्शुरन्स आणि पीयूसी हवं. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं चालतं. पीयूसीची तारीख आदल्या आठवड्यातच बघून ठेवा, हमखास तेच संपलेलं असतं. शक्य असेल तर टेस्ट गिअरच्या गाडीवरच द्या. त्या लायसन्सवर स्कुटीही चालवता येते. स्कुटीवर टेस्ट दिली तर मोटरसायकल चालवता येत नाही.

आता गाडीची तयारी. सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. आपल्याकडच्या खड्ड्यांच्या रस्त्यांवर तो लवकर जातो. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागं कुणाला तरी दाबायला सांगून पुढचं चाक उचला आणि हँडल अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मधोमध 'खट्' करून अडकत असेल तर कोनसेट बदलाच. अशा गाडीवर तरबेज माणसालाही टेस्टमध्ये गाडी वळवत काढायचा आठचा आकडा नीट काढता येत नाही, कारण हँडल सरळ रेषेतच थांबायला बघतं.

मग क्लच. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिमी ढिलाई हवी. ढिलाई जास्त झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही, गाडी पुढं ओढते, न्यूट्रल सापडत नाही. अजिबात नसेल तर क्लच घसरतो. केबल जड चालत असेल तर नवीन टाका, फार खर्च नाही. चेन खालून बोटानं हलवली की साधारण २५ मिमी हलावी. त्याहून फार सैल असेल तर हळू चालवताना प्रत्येक रेसला हिसका बसतो. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. किती भरायची ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. आरसे, हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट बघा. दुधाच्या कॅनचे हुक लावले असतील तर त्या दिवसापुरते काढा.

आठ काढायचा सराव बाजार भरत नाही त्या दिवशी बाजाराच्या मैदानावर करा. दोन विटा २० फुटांवर ठेवा, जमायला लागलं की अंतर कमी करत या. गाडी पहिल्या गिअरमध्ये, रेस एकसारखी, क्लच अर्धा दाबलेला आणि मागचा ब्रेक अगदी हलका. वेग क्लच-ब्रेकनं सांभाळायचा, रेस कमी-जास्त करून नाही. नजर पुढच्या चाकावर नको, पुढच्या वळणावर ठेवा. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक मारला की गाडी आडवी झालीच म्हणून समजा. २०१९ नंतरच्या १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक गाड्यांना सीबीएस (दोन्ही ब्रेक जोडलेली यंत्रणा) असतं, म्हणजे मागचं पेडल दाबलं तरी थोडा पुढचाही ब्रेक लागतो. म्हणून पेडलवर पाय नुसता टेकवल्यासारखा ठेवा.

आठ काढताना पाय जमिनीला टेकतो तो बहुधा उजव्या वळणावर. हँडल उजवीकडं फिरलं की मनगट अवघडतं आणि नकळत रेस वाढते. कोपर थोडं बाहेर काढून धरा, आणि सरावात उजवी वळणं दुप्पट घ्या.

हाताचे इशारेही विचारतात. इशारा उजव्या हातानं द्यायचा, म्हणजे रेस सुटते आणि गाडी मंदावते. म्हणून वळणात शिरायच्या आधी सरळ रस्त्यावर इशारा द्या, हात परत हँडलवर आणा आणि मगच वळा. आणखी एक गोष्ट: बऱ्याच नव्या गाड्यांत साइड स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडतं. घाबरल्यावर हे लक्षातच येत नाही.

लर्निंगवर असताना गाडीच्या पुढं-मागं पांढऱ्यावर लाल 'एल' लावा. पाटी किमान १८ सेंटीमीटर चौकोनी, अक्षर १० सेंटीमीटर उंच. मागं बसणारा फक्त शिकवणारा, आणि तोही लायसन्सवाला हवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला हा नियम ३ पाळला नसेल तर अपघातानंतर इन्शुरन्स कंपनी क्लेमवर हरकत घेऊ शकते, कारण पॉलिसीतच तशी अट छापलेली असते. त्यामुळं आरटीओपर्यंत किंवा तालुक्याच्या कॅम्पपर्यंत गाडी लायसन्सवाल्यानंच न्यावी हे उत्तम. हेल्मेट आयएसआय मार्कचं घ्या, आणि टेस्ट देतानाही पट्टा लावलेला असू द्या.

नापास झालात तर ७ दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. तीनदा नापास झालात तर शेवटच्या टेस्टपासून ६० दिवस थांबावं लागतं. लर्निंगची मुदत ६ महिनेच असते, तेव्हा पहिला स्लॉट शेवटच्या महिन्यापर्यंत लांबवू नका.