सायकलच्या टीम टाइम ट्रायलचं (टीटीटी) अपडेट: यू-टर्ननंतर लाईन (एकामागे एक चिकटून चालणारी रांग) तुटायची थांबली

वळणानंतर दीडशे मीटरच्या आत चौघेही चाकाला चाक लावून. सराव सगळा याच एका गोष्टीसाठी चालला होता आणि ती आता ठरवून, पुन्हापुन्हा जमतेय. सरळ रस्त्यावर लाईन आधीही टिकत होती. तुटायची ती ट्रॅफिक कोनाला वळसा घातल्यावर, आणि बळी दर वेळी चौथ्याचा, म्हणजे सर्वांत मागच्याचा.

आराखडा तोच आहे: चौघांची टीम, टीमची वेळ तिसऱ्याच्या चाकावर (तिसरा रेषा ओलांडेल तेव्हाची), जाऊन-येऊन १० किमीचा लॅप दोनदा. म्हणजे ५, १० आणि १५ किमीवर तीन डेड टर्न (कोनाभोवती पूर्ण उलटं वळण). लक्ष्य ४० किमी/तास.

चौथ्याचे पाय कमी पडतात, हे निदान सगळ्याच टीममध्ये ऐकू येतं. आकडे मांडले की वेगळंच दिसतं. वळणात वेग १५ किमी/तास, म्हणजे सेकंदाला ४.१७ मीटर. दोन सायकलींच्या पुढच्या चाकांमध्ये तिथे साधारण ३ मीटर अंतर राहतं. म्हणजे पहिला वळून पेडल मारायला लागल्यावर चौथा त्याच जागी यायला जवळपास २.२ सेकंद लागतात. वळणातून बाहेर पडताना चौघांनी अगदी सारखाच जोर लावला, तरी हे २.२ सेकंद तसेच राहतात आणि वेग वाढेल तसे त्यांचे मीटर वाढत जातात. ४० च्या वेगाला ते २४ मीटर होतात. घट्ट लाईनमध्ये पहिल्या आणि चौथ्यात असायला हवेत सव्वासहा. उरलेले १८ मीटर चौथ्याने एकट्याने, वाऱ्यात, भरून काढायचे. ताशी २ किमी जास्त वेगाने गेला तर अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ.

आणि ते २ किमी स्वस्त नसतात. हवेच्या विरोधासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते; ४० वरून ४२ ला जाताना ती सुमारे १६ टक्क्यांनी चढते, तीही ड्राफ्टशिवाय, म्हणजे पुढच्याच्या आडोशाशिवाय. चौथा चाकावर परत येतो तेव्हा त्याचं सगळं खर्च झालेलं असतं. पुढच्या एक-दोन रोटेशनमध्ये (पुढची जागा आळीपाळीने बदलताना) तो सुटतो आणि दोष त्याच्या फिटनेसवर जातो.

उपाय ऐकायला फालतू वाटेल: पहिल्याने वळणानंतर ३० किमी/तासला थांबायचं. थांबायचं म्हणजे वेग तिथेच धरायचा, चौथ्याची हाक येईपर्यंत. ३० च्या वेगाला तेच २.२ सेकंद म्हणजे १८ मीटर, भरायचे उरतात बारा. चौथा ३४ ने आला तर दहा-अकरा सेकंदांत चाकावर. शिवाय ३४ ला हवेसाठी लागणारी ताकद ४२ च्या जेमतेम निम्मी. हाक आली की ३० वरून ४० वर जायला पूर्ण २० सेकंद घ्यायचे. रायडर आणि सायकल मिळून ८३ किलो धरले तर या चढत्या वेगासाठी पुढच्याला सव्वाशेच्या आत जादा वॅट लागतात. तेच १० सेकंदांत उरकायचं म्हटलं तर दुप्पट, आणि लाईन पुन्हा ताणली जाते.

किंमत किती? दहा सेकंद ३० वर राहिलं तर ४० च्या तुलनेत अडीच सेकंद जातात, दहाऐवजी वीस सेकंदांत चढण्यात आणखी सव्वा सेकंद. वळणामागे पावणेचार, तिन्ही मिळून अकरा-बारा सेकंद. उलट चौथा पहिल्याच वळणावर गेला आणि उरलेले १५ किमी तिघांनी ४० ऐवजी ३९ ने काढले, तर ३५ सेकंद जातात. इथे वाद संपतो.

मात्र नुसता ३० चा नियम पुरत नाही, कारण खरी गडबड वळणाआधी झालेली असते. पुल (सर्वांत पुढे राहून वारा कापायची पाळी) संपवून बाजूला झालेला रायडर मागे जाऊन चौथा होतो. तो मागे पोहोचतोय तोच कोन आला, तर सगळ्यात दमलेला माणूस सगळ्यात वाईट जागी. म्हणून कोनाआधी ३०० मीटरवर रोटेशन बंद. ४० च्या वेगाला हे २७ सेकंद होतात, तेवढ्यात शेवटच्याचा श्वास खाली येतो. पुढच्याला त्यामुळे लांब पुल पडतो, पण वळणानंतर तोच पुढे असतो आणि दमलेला असल्यामुळे ३० च्या वर उडी मारत नाही. शिस्त लावायची गरजच उरत नाही. शेवटच्या जागेवर शक्यतो सर्वांत चटकन वेग पकडणारा ठेवा, सर्वांत ताकदवान असलाच पाहिजे असं नाही.

गिअर: पुढची मोठी चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चाक) सोडायची नाही. वळणाआधी ५२×२८ (पुढे ५२ दाते, मागे २८) लावून ठेवा. ७०० च्या चाकाला पेडलच्या एका फेरीत सुमारे ३.९ मीटर जातात, म्हणजे १५ किमी/तासला ६४ केडन्स (मिनिटाला पेडलच्या फेऱ्या). पाय नीट फिरतात. छोट्या रिंगवर जाऊन बाहेर पडताना जोर देत मोठीवर चढवली तर चेन पडण्याचा सगळ्यात मोठा धोका तिथेच. नंतर मागे टप्प्याटप्प्याने खाली येत ४० ला ५२×१५, केडन्स ९० च्या आसपास. मोठी रिंग आणि मोठा कॉग (मागचं दातेरी चाक) या जोडीत चेन थोडी कुरकुरेल, चालतं. पण कॅसेट (मागच्या कॉगचा संच) बदलून मोठी लावली असेल तर चेनची लांबी आधी तपासा: डिरेलरमधून (मागे चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) न घालता मोठ्या-मोठ्यावरून गुंडाळून एक इंच जादा हवी. आखूड असेल तर डिरेलरच उपटून निघेल.

प्रत्यक्ष वळणात हात एअरोबारवर (पुढे झुकून धरायच्या दांड्या) अजिबात नको, ड्रॉप्सवर (हँडलचा खालचा वळलेला भाग). आतला पेडल वर, बाहेरच्या पायावर वजन, ब्रेक वळायच्या आधी मारून मोकळे. किती वेगाने वळायचं हे रस्त्याची रुंदी ठरवते. सायकल २५ अंश कलवली तर १५ किमी/तासला साधारण ७.६ मीटर रुंदी लागते, १८ ला अकरा. रुंदी असेल तर १८ घ्याच; चौथ्याचा उशीर २.२ वरून १.८ सेकंदांवर येतो. रुंदी नसताना हट्टाने १८ घेतले तर बाहेरच्या कडेच्या वाळूत जाल. ती वाळू आदल्या दिवशी पाहून ठेवा, जमलं तर झाडून घ्या.

मोजमापाबद्दल एक सांगतो. यू-टर्नवर जीपीएसचा वेग बघू नका, तो काही सेकंद मागे असतो आणि ३० चा नियम त्या काही सेकंदांचाच आहे. हबला लावायचा साधा स्पीड सेन्सर यासाठी महागड्या कॉम्प्युटरपेक्षा जास्त कामाचा. पॉवर मीटरही (पायांची ताकद वॅटमध्ये मोजणारा) स्क्रीनवर तीन सेकंदांच्या सरासरीवर ठेवलेला असेल तर वळणात निरुपयोगी. घरी फाईल उघडून पाहायला उत्तम. हाकांपैकी ‘बसलो’ आणि ‘सुटलो’ वाऱ्यात सारख्याच ऐकू येतात, म्हणून ‘आलो’ आणि ‘गॅप’ एवढ्या दोनच ठेवल्या आहेत.

हे लिहिता लिहिता तिसऱ्या वळणाचा वेगळा विचार डोक्यात आलाय. वेळ तिसऱ्यावर मोजतात, तर १५ किमीला चौथा लागतोच कशाला? तिघेच वळले तर उशीर दीड सेकंदाच्या आत. पण वळणात वाचणारे एक-दोन सेकंद बघून हे केलं तर तोटा आहे: शेवटचे ५ किमी ३९ ने गेले तर साडेअकरा सेकंद जातात. गणित जमतं ते चौथ्याने १० ते १५ किमीमध्ये दुप्पट लांबीचे पुल मारून स्वतःला संपवलं आणि ताजे राहिलेले तिघे पुढे ४० टिकवू शकले, तरच. तिघांत पंक्चर झालं की खेळ खलास, हेही आहेच. त्यामुळे पुढचा सराव बदललाय: वळणांऐवजी तिघांनी ५ किमी, आधी चौथ्याच्या मदतीने ५ किमी काढून.

बाजूच्या वाऱ्याचा मुद्दा अजून कच्चा आहे. पुल संपल्यावर वारा येतो त्या बाजूला व्हायचं, बाकीचे आडोशाच्या बाजूला किंचित सरकलेले असतात. वळण घेतलं की वाऱ्याची बाजू उलटते आणि सवयीने जुन्याच बाजूला होणारा थेट मागच्याच्या चाकावर येतो. सध्या तोडगा असा की वळणानंतर पहिला बाजूला होणारा आधी हात दाखवतो, बाकीचे त्याचीच बाजू धरतात. वारा समोरून किंवा पाठीमागून असेल तर बाजू न बदलणंच बरं.

चेन मोजून झाल्या. स्टीलच्या पट्टीवर १२ इंचांवर १/१६ इंच वाढ म्हणजे अर्धा टक्का झीज, ११ किंवा १२ स्पीडला तिथेच बदलायची. एक चेन त्या रेषेवर आहे, ती स्पर्धेआधी काढतोय. नवी लावल्यावर जुन्या कॅसेटवर जोर देऊन पाहायचं. १५ चा कॉग सटकला तर कॅसेटही जाईल, कारण ४० चा सगळा वेळ त्याच कॉगवर जातो.