एक सकाळ: रक्त आणि हयातीचा दाखला

नोव्हेंबर आला की पेन्शनरांच्या दिवसात लॅब आणि हयातीचा दाखला, म्हणजे पेन्शन चालू राहावी म्हणून दरवर्षी द्यायचा जिवंत असल्याचा पुरावा, एकत्र येतात. आजचा दिवस तसाच गेला.

उपाशीपोटीच्या साखरेसाठी आठ ते दहा तास पोट रिकामं हवं. साधं पाणी चालतं, बिनसाखरेचा चहाही नाही. जेवणानंतरच्या साखरेचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं. मधल्या वेळात भाजी आणायला पायपीट केली तर आकडा कमी दिसतो आणि डॉक्टरांची उगाच दिशाभूल होते. फक्त एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, असेल तर उपास नकोच.

ते दोन तास बाकावर बसून दाखल्यात घालवले. बोटांच्या रेषा झिजल्या की अंगठा उमटत नाही, म्हणून मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला देण्याचा मार्ग बरा. 'आधार फेस आरडी' आणि 'जीवन प्रमाण' ही दोन्ही ॲप लागतात. चष्मा काढायचा, उजेड समोरून घ्यायचा, खिडकीला पाठ नको. आधार, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक) आणि खातं क्रमांक दोनदा तपासा. 'प्रमाण आयडी'चा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा, मेसेज आला म्हणजे काम झालं असं नाही. पीपीओ चुकला तर दाखला नंतर नाकारला जातो, म्हणून आठवड्याने स्थिती बघायची.

ग्रुपवरच्या नागपूरच्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉलवर हे सगळं दाखवलं. प्रत्यक्ष भेट अजून नाही! ओटीपी मात्र तिचा तिनेच टाकला, मी तिला तो मला सांगू दिला नाही.