“विषारी आहे का हो?”

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो आहोत. मृगाच्या सरी पडल्या की पुण्यातल्या सोसायट्यांमधून सापांचे फोटो यायला लागतात. एक पार्किंगमधला, एक कुंडीमागचा, एक बाथरूमच्या जाळीतून डोकं वर काढलेला. खाली प्रश्न ठरलेला: “विषारी आहे का हो?” बऱ्याचदा फोटोत चपलांचा रॅक स्पष्ट असतो आणि सापाची फक्त शेपटी. आणि कित्येकदा प्रश्न येतो तेव्हा साप आधीच मारलेला असतो. मग उत्तराचं करायचं काय?

तरी उत्तर देतो. पुणे परिसरात ज्यांच्या दंशाने माणूस दगावतो असे महत्त्वाचे साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. मुळशी-ताम्हिणीकडच्या झाडीत हिरवा चापडा भेटेल, पण तो पार्किंगमध्ये येत नाही. हरणटोळ आणि मांजऱ्या निमविषारी, त्यांच्या विषाने पाल-सरड्याचं काम होतं, माणसाचं सहसा काही बिघडत नाही. धामण, कवड्या, तस्कर, दिवड, नानेटी, कुकरी, मांडूळ, गांडुळासारखा दिसणारा वाळा हे सगळे बिनविषारी. म्हणजे पन्नास साप पाठ करायची गरज नाही, चार नीट ओळखता आले की पुरे. अडचण अशी की या चौघांसारखा दिसणारा कुणी ना कुणी बिनविषारी साप असतोच, आणि पुण्यात चुका होतात त्या तिथेच.

सर्वांत महाग पडणारी चूक मण्यार आणि कवड्या यांच्यातली. “काळ्या अंगावर पांढरे पट्टे” हे वर्णन दोघांनाही चालतं, म्हणून ते निरुपयोगी आहे. पट्टे कुठून सुरू होतात ते बघा. कवड्याचे पट्टे मानेपाशीच सुरू होतात, तिथे सर्वांत ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलटं. तिच्या मानेमागचा बराचसा भाग कोरा किंवा नुसते ठिपके असलेला, आणि शेपटीकडे पट्टे स्पष्ट. शिवाय हे पट्टे बारीक आणि बहुधा जोडीजोडीने येतात. कवड्याचा रंग तपकिरी, पट्टे पिवळसर. मण्यार निळसर काळी आणि पॉलिश केल्यासारखी चकचकीत. कवड्याचं डोकं चपटं आणि मानेपेक्षा रुंद, मण्यारीचं डोकं आणि मान जवळजवळ एकाच जाडीची. खात्रीची खूण पाठीवर असते: मण्यारीच्या कण्यावरून खवल्यांची एक ओळ जाते, त्यातला प्रत्येक खवला षटकोनी आणि शेजारच्यांपेक्षा मोठा. पण ही खूण जिवंत सापावर जवळून शोधायची नाही. ती फोटो मोठा करून बघायची, किंवा बागेत कात सापडली तर कातीवर. कातीचा रंग गेलेला असतो, लांबीही ताणल्यामुळे सापापेक्षा जास्त भरते, पण खवल्यांचे आकार जसेच्या तसे राहतात.

आणखी एक आधार वागण्याचा. कवड्या भिंतीवर, खिडकीच्या गजांवर सहज चढतो, पाली खायला येतो. ट्यूबलाइटच्या मागे साप दिसला तर तो बहुतेक कवड्याच. मण्यार जमिनीवरची आणि रात्रीची. पण “बहुतेक” या शब्दावर हात पुढे करायचा नसतो. मण्यारीच्या पिल्लाला तर डोक्याजवळूनच पट्टे असू शकतात, तेव्हा वर सांगितलेली पट्ट्यांची खूणही वीतभर सापाला लावू नका.

घोणस ओळखायला खरं तर सोपी. पाठीवर आणि दोन्ही बाजूंना अशा तीन ओळींत लांबट गोल ठिपके, साखळीच्या कड्यांसारखे, प्रत्येकाला काळी किनार. त्रिकोणी डोकं, जाड अंग आणि एकदम निमुळती शेपटी. डिवचली की कुकरच्या शिट्टीआधी वाफ सुटते तसा मोठा, लांबलेला फूत्कार. तिच्याऐवजी मारला जातो तो डुरक्या घोणस. नावात घोणस असली तरी तो बिनविषारी. त्याच्या पाठीवर सुटे गोल ठिपके नसतात, एकमेकांत मिसळलेले वेडेवाकडे डाग असतात, शेपटी आखूड, बोथट आणि हाताला कानस लागावी तशी खरखरीत. अजगराचं पिल्लूही घोणस म्हणून मारलं जातं, पण त्याचे डाग मोठे, नकाशावरच्या तालुक्यांसारखे. घोणसीच्या बाबतीत उलटी चूक जास्त वाईट: “अजगराचं पिल्लू आहे” म्हणून ती उचलणारे लोक आहेत.

नागाला फणा काढू दे मग बघू, असं म्हणून भागत नाही. फणा न काढलेला नाग साधा तपकिरी किंवा काळसर साप दिसतो आणि लोक त्याला धामण समजतात. धामणीचे डोळे मोठे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा, आणि अंगाच्या मागच्या भागावर काळी जाळीदार नक्षी. धामण दोन मीटरच्या पुढे जाते. उंदरांचा बंदोबस्त तिच्याइतका कुणी करत नाही. नदीकाठी, कालव्यावर, हौदात मान चपटी करून उठणारा साप दिसला आणि डोळ्याखाली-मागे दोन तिरप्या काळ्या रेघा असल्या तर ती दिवड. चावते कडकडून, पण विष नाही. आणि उन्हाळ्याच्या शेवटी शेजारच्या प्लॉटवर एकमेकांना पीळ घालून उभे राहणारे दोन साप म्हणजे नाग-नागिणीचा शृंगार नव्हे. ते दोन धामण नर कुस्ती खेळत असतात. त्यांच्यावर नवं कापड टाकायला जाऊ नका.

फुरसे कोकणात मुबलक. आपल्याकडे कोरड्या, खडकाळ माळावर आणि टेकड्यांवर भेटतं. हातभर लांबी, डोक्यावर बाणासारखी खूण, धोका वाटला की अंगाच्या वेटोळ्या एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज. दगड उचलायची सवय असेल तर ती सोडा, एवढंच.

आता फोटोबद्दल. दोन-तीन मीटरवरून झूम करून तीन फोटो काढा: डोकं बाजूने, अंगाचा मधला भाग वरून, आणि शेपटी. एकच काढता आला तर मधला भाग. फ्लॅश चालेल, पण सापाला मोबाइलच्या चौकटीत आणायला काठीने सरळ करू नका. साप आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत झेप घेऊ शकतो. मीटरभराच्या नागाशी दोन मीटर अंतर ठेवलं तर तुम्ही त्याच्या टप्प्यात येतच नाही.

पण आमचं म्हणणं खरं तर वेगळं आहे. उत्तर काहीही आलं तरी पुढची दहा मिनिटं तुम्ही करायचं ते सारखंच. बिनविषारी म्हटलं की लोक झाडूने ढकलायला जातात, विषारी म्हटलं की काठी शोधायला. दंशाचा धोका याच दोन कामांत वाढतो.

साप घरात असेल तर एका माणसाने लांबून त्याच्यावर नजर ठेवायची, बाकीच्यांनी मुलं आणि कुत्रं दुसऱ्या खोलीत न्यायचं. आतल्या खोल्यांची दारं बंद, दाराखाली ओला टॉवेल दाबून. बाहेरचं दार उघडं असेल आणि कुणी मध्ये उभं नसेल तर साप पुष्कळदा आपणहून जातो. नजर मात्र हलवायची नाही. “आत्ता इथेच होता” या वाक्यानंतर सबंध फ्लॅट उपसावा लागतो, कारण साप दिवाणाच्या खणात, फ्रिजच्या मागे, स्कूटरच्या पुढच्या कव्हरमध्येही शिरतो. फिनेल, रॉकेल, गरम पाणी टाकू नका. त्याने साप बिथरतो आणि घरात आणखी आत घुसतो. मग वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या नोंदणीकृत सर्पमित्राला फोन. साप मारणं, पकडून बाळगणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. आलेला माणूस हुक आणि पिशवी वापरून पाच मिनिटांत काम उरकेल तर तो चांगला. गळ्यात साप घालून रील काढायला लागला, तर पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलवा.

सापाला घराची ओढ नसते, घरातल्या उंदरांची असते. म्हणून कबुतरांना टाकलेले दाणे, उघड्या कचऱ्याच्या बादल्या आणि कोपऱ्यात वर्षभर पडलेला राडारोडा, हे आधी हलवा. दाराखालून पेन्सिल सरकत असेल तर नागाचं पिल्लूही सरकतं. तिथे रबरी पट्टी किंवा ब्रश लावून घ्या. बाथरूमच्या मोरीला बारीक भोकांची जाळी आणि वॉशिंग मशिनचा पाइप जिथे भोकातून जातो तिथली मोकळी जागा सिमेंटने बुजवलेली, हे दोन्ही एका दुपारचं काम. पहिल्या मजल्यापर्यंत चढवलेली मधुमालती खिडकीपासून हातभर छाटून ठेवा. कार्बोलिक ॲसिड, गंधक, लसूण, दारात लावलेली अमुक वनस्पती यांनी साप अडत नाही. उंदरांसाठी लावलेल्या चिकट गमच्या पॅडवर आणि बागेच्या नायलॉन जाळीत साप हमखास अडकून मरतात, तेव्हा त्यांचा वापर टाळलेला बरा. अडकलेला साप स्वतः सोडवू नका.

हंगाम लक्षात ठेवायचा असेल तर एवढा: नागाची अंडी सुमारे दोन महिन्यांनी फुटतात आणि पावसाच्या सुमारास वीत-सव्वा वीत लांबीची पिल्लं बाहेर पडतात, जन्मापासून फणा आणि विष दोन्ही घेऊन. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, एका वेळी वीस-तीस सहज. हिवाळ्यात घोणस उन्हाला पडलेली असते, सकाळी टेकडीवर पायवाट सोडून गवतात शिरणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं. रात्री टॉर्च आणि बंद बूट, एवढ्याने पायावरचे बरेच दंश टळतात.

मण्यारीचं मात्र वेगळं. तिचे दंश घरात, रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतात. दुखत नाही, सूज नाही, खूण डास चावल्याएवढी. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, पापण्या उचलत नाहीत, गिळताना अडकतं. आणि घरचे पित्त समजून लिंबूपाणी देतात. बांधकामावर किंवा शेतावरच्या खोलीत झोपणाऱ्यांसाठी सर्वांत चांगला उपाय म्हणजे खाट, आणि गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या सकाळी उघडेनात, तर दंशाची खूण शोधत बसू नका, निघा.

दंश झालाच तर अंगठी, बांगड्या, जोडवी, घड्याळ लगेच काढा. सूज चढली की ती कापावी लागतात. हात किंवा पाय मोडल्यावर बांधतो तसा फळीला हलकेच बांधून स्थिर ठेवा. आवळपट्टी नको, ब्लेडने चीर नको, चोखणं नको, बर्फ नको. कुणी आधीच दोरी आवळली असेल तर वाटेत सोडू नका, डॉक्टरांसमोरच सोडा. रुग्णाला चालवू नका, उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा. १०८ला फोन करा किंवा हाताशी असेल त्या गाडीने निघा, आणि वाटेतच रुग्णालयात प्रतिविष आणि व्हेंटिलेटर आहे का ते फोनवर विचारून घ्या.

तिथे पोचल्यावर तुमचा प्रश्न आणखी मागे पडतो. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर मिळून एकच आहे, त्यामुळे मारलेला साप पिशवीत घालून नेण्याने उपचार बदलत नाहीत. नेणाऱ्यालाच दंश व्हायची शक्यता तेवढी वाढते, कारण मेलेल्या सापाचं डोकंही काही काळ चावू शकतं. डॉक्टर लक्षणं बघतात. घोणस किंवा फुरशाचा संशय असेल तर दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी एकदाच तिरपी करतात. रक्त गोठलं नसेल तर विष भिनलंय. प्रतिविषाची मात्रा सापाने सोडलेल्या विषावर ठरते, रुग्णाच्या वजनावर नाही. म्हणून लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकंच देतात. “एवढ्याशा पोराला इतक्या बाटल्या?” म्हणून अडवू नका. लक्षणं नसली तरी चोवीस तास देखरेखीखाली ठेवतात, तेव्हा घरी जायची घाई करू नका.

डॉक्टरांना सांगायचं ते कागदावर लिहून ठेवा: दंशाची वेळ, अंगावर कुठे, काय काय आधी झालं आणि काय नंतर, घरी कुठलं औषध लावलं किंवा पाजलं असेल तर तेही न लाजता. फोटो असला तर दाखवा. नसला तर तो काढायला कुणी मागे थांबू नका.