नावापुरते उरलेले

मालवण, देवगड, वेंगुर्ले या बाजूच्या मच्छीमारांशी जाळ्यांबद्दल बोलणे सुरू झाले की केंडाचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. हा मासा पाण्याबाहेर काढला की पोट फुगवून चेंडूसारखा गोल होतो, त्याच्या यकृतात आणि अंडाशयात टेट्रोडोटॉक्सिन नावाचे जहाल विष असते, आणि त्याचे दात चोचीसारखे जुळलेले असल्यामुळे नायलॉनचे जाळे तो सहज कुरतडतो. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. जाळ्यात आलेल्या म्हाकुलांचे (स्क्विडचे) लचके तोडायचे, जाळ्याला भोके पाडायची आणि उरलेल्या मासळीला त्या भोकांतून वाट करून द्यायची, एवढाच त्याचा उद्योग. "सुरमय गावाक नाय तरी चलात, पण केंड नको," म्हणजे सुरमई मिळाली नाही तरी चालेल, असे एका जाणत्या तांडेलांनी मला सांगितले होते, आणि फाटलेल्या जाळ्याचा खर्च ठाऊक असलेल्या कोणालाही त्यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

केंड पूर्वीही होता. तक्रार आहे ती त्याच्या संख्येची. केरळच्या किनाऱ्यावर २००७ नंतर अशीच तक्रार वाढली, तेव्हा केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिचा माग काढला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात बोट दाखवले गेले ते मोडसा या माशाकडे, ज्याला मुंबईकडे सकला म्हणतात. मोडसा दीड-दोन मीटरपर्यंत वाढणारा शिकारी मासा आहे, आणि केंड खाणाऱ्या मोजक्या माशांपैकी तो एक. त्याच्या तुकड्यांना चांगला भाव मिळतो, म्हणून त्याची मासेमारी वाढत गेली. समुद्रात मोडसा विरळ झाला आणि केंडावरचा धाक गेला. अभ्यास केरळचा आहे आणि मालवणच्या समुद्राचा हिशेब वेगळा मांडावा लागेल हे खरे. पण मोडशावरचा ताण आपल्याकडेही आहे आणि केंडाची कटकटही आहे.

मला या गोष्टीत महत्त्वाचे वाटते ते हे की मोडसा नामशेष झालेला नाही. तो आजही लिलावात दिसतो, ताटात येतो, आणि एखादी जात संपली म्हणून हळहळणाऱ्या कोणत्याही यादीत त्याचे नाव सापडणार नाही. तरीही समुद्रात तो जे काम करत होता ते थांबू लागते, कारण ते काम करायला दोन-चार मासे पुरत नाहीत, भरपूर मासे लागतात. जैवविविधतेच्या ऱ्हासाबद्दल लिहिताना आपण शेवटच्या प्राण्याच्या मृत्यूची तारीख शोधत बसतो. अन्नजाळ्यातील पडझड त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते, आणि बहुधा ती ज्या जातीमुळे सुरू झाली तिच्याऐवजी भलत्याच जातीच्या रूपाने आपल्या दारात येते. २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा घोषित केले गेले याचा मला आनंदच आहे. मोडशासाठी असे कोणी काही करील असे वाटत नाही.

एक शिकारी काढून घेतला तर काय होते, हे प्रयोगाने दाखवण्याचे श्रेय रॉबर्ट पेन या अमेरिकी शास्त्रज्ञाकडे जाते. १९६३ पासून त्याने वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरील खडपाचा एक पट्टा निवडून त्यावरचे सगळे तारामासे उपटून समुद्रात फेकायला सुरुवात केली. शेजारचा तसाच पट्टा त्याने हात न लावता ठेवला. तारामासे जिथे होते तिथे काही बदलले नाही. जिथून ते गेले तिथे, आपल्याकडच्या शिनाण्यांच्या कुळातील शिंपल्यांनी हळूहळू सगळा खडक व्यापला, आणि सुरुवातीला मोजलेल्या १५ जातींपैकी ८ उरल्या. तारामासा शिंपले खात होता, त्यामुळे खडकावर मोकळी जागा राहत होती, आणि त्या जागेवर शेवाळे, कालवांसारखे चिकटून राहणारे जीव आणि त्यांना खाणारे आणखी काही जीव तग धरून होते. ज्यांना तारामासा कधी खात नव्हता तेही त्याच्यावाचून राहू शकले नाहीत. संख्येच्या मानाने फार मोठे काम करणाऱ्या अशा जातींना पेनने १९६९ मध्ये कीस्टोन प्रजाती हे नाव दिले.

येथे थोडा सावधपणा हवा, कारण अशा साखळ्या सांगायला इतक्या सोप्या आणि ऐकायला इतक्या पटणाऱ्या असतात की त्या तपासायचे राहून जाते. २००७ मध्ये एका गाजलेल्या शोधनिबंधाने मांडले की अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर मोठ्या मुशी (शार्क) कमी झाल्या, म्हणून एका जातीचे पाकट (रे जातीचे चपटे मासे) वाढले, आणि त्या पाकटांनी शिंपले फस्त केल्यामुळे शिंपल्यांचा शंभर वर्षांचा धंदा बुडाला. वर्तमानपत्रांनी ही गोष्ट उचलली आणि पाकट मारून खा, खाडी वाचवा, असा प्रचारही झाला. २०१६ मध्ये दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तीच आकडेवारी पुन्हा चाळली, तेव्हा तिचे दुवे एकमेकांना जुळेनात: हे पाकट वर्षाला बहुधा एकच पिल्लू देतात, त्यामुळे त्यांची संख्या इतक्या झपाट्याने वाढणेच शक्य नव्हते, आणि शिंपल्यांची घसरणही त्यांच्या वाढीशी वेळेने जुळत नव्हती. दरम्यान पाकटांची कत्तल होऊन गेली होती. म्हणून आपल्या किनाऱ्यावर एखादा मासा का वाढला किंवा घटला याचे उत्तर कोणी एका वाक्यात देऊ लागले की मी ते ऐकून घेतो, पण वहीत लिहीत नाही.

गिधाडांच्या बाबतीत मात्र शंकेला जागा उरलेली नाही. नव्वदच्या दशकात राजस्थानातील भरतपूरच्या राष्ट्रीय उद्यानात विभू प्रकाश या पक्षिशास्त्रज्ञांना गिधाडे झपाट्याने कमी होत असल्याचे दिसले, आणि १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण सापडले २००४ मध्ये, पाकिस्तानातील संशोधनातून. गुरांच्या दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे स्वस्त औषध मेलेल्या जनावराच्या मांसात उरत होते आणि ते खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड काही दिवसांत निकामी होत होते. घातक मात्रा असलेली जनावरे शंभरात एकाहूनही कमी असली तरी एवढा संहार होण्यास पुरेशी होती, हे गणित पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते पुन्हा पुन्हा वाचावे लागले. पण गिधाडे थव्याने जेवतात; एकाच जनावरावर पन्नास पक्षी बसले तर ते एक जनावर पन्नासांना मारायला पुरते. त्यातून मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लाला वयात यायला सुमारे पाच वर्षे लागतात. हा हिशेब पक्ष्यांच्या बाजूने कधीच सुटणार नव्हता.

कोकणातील घराघरांत त्या काळी गोठा होता. म्हातारा बैल किंवा आजारी गाय मेली की ती गावाबाहेरच्या ठरलेल्या जागी नेऊन टाकायची, आणि पुढचे काम आकाशातून उतरणाऱ्या पक्ष्यांवर सोडायचे, ही रीत होती. थवा मोठा असेल तर तासाभरात हाडे उरत. या व्यवस्थेची कोणी आखणी केलेली नव्हती, तिला ग्रामपंचायतीचा ठराव लागला नव्हता, आणि म्हणूनच ती बंद पडली तेव्हा नेमके काय बंद पडले ते कोणाच्या लक्षात आले नाही. देशात इतरत्र जे झाले त्याचा मात्र अभ्यास झाला आहे. मांस सडत पडू लागले, पाण्यात जाऊ लागले, आणि त्यावर भटकी कुत्री वाढली, जी गिधाडांइतके स्वच्छ काम करत नाहीत आणि वर रेबीज पसरवतात. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी गिधाडांचा वावर असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांतील मृत्युदरांची तुलना केली, तेव्हा २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख माणसांचे अधिकचे मृत्यू गिधाडांच्या अभावाशी जोडता येतात असे त्यांचे अनुमान निघाले. सह्याद्रीपलीकडे अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहाराचा मोठा भाग कुत्र्यांचा असल्याचे आढळले आहे. कुत्री जिथे वाढतात तिथे बिबट्या माणसांच्या वस्तीजवळ का येतो याचा विचारही मग कुत्र्यांना सोडून करता येत नाही.

जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये कुपीचा आकार ३ मिलिलीटरवर आणला गेला. गिधाडांना तितकेच घातक ठरणारे असिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन यांवर बंदी यायला २०२३ साल उजाडले. मधल्या काळात रायगड जिल्ह्यातील म्हसळा आणि श्रीवर्धन या तालुक्यांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची थोडी घरटी टिकून राहिली, ती उंच रानझाडांवर आणि काही वाड्यांतील माडांवरही. तेथील निसर्गप्रेमींनी आणि गावकऱ्यांनी ती जपली. पण आता अडचण वेगळीच आहे: घरोघरचे गोठे ओस पडले, बैलांची जागा पॉवर टिलरने घेतली, आणि गिधाडांना खायला मेलेली जनावरेच मिळेनाशी झाली. म्हसळ्याजवळच्या चिरगावात आणि मुरूडजवळच्या फणसाड अभयारण्यात त्यांच्यासाठी मृत जनावरे मुद्दाम आणून टाकण्याची सोय करावी लागली. जे पक्षी गावाचे काम करत होते त्यांचे काम आता गाव करते आहे. पक्षी वाचला, आणि ज्यांनी तो वाचवला त्यांच्याविषयी मला आदरच आहे. तरी पक्ष्याचे काम परत आले असे त्यावरून म्हणता येणार नाही.

समुद्रातला आणि गोठ्यातला परिणाम काही वर्षांत दिसला तरी. रानातला परिणाम दिसायला माणसाचे आयुष्य अपुरे पडते, आणि म्हणून धनेशाची मला अधिक काळजी वाटते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील अनेक गावांत ज्याला गरुड म्हणतात तो हा पक्षी वड, पिंपळ, उंबर यांची फळे, काजऱ्याची फळे, आणि रानजायफळ किंवा धूप यांसारख्या झाडांची मोठ्या बियांची फळे गिळतो आणि बिया दूरवर टाकतो. एवढी मोठी बी गिळू शकणारे पक्षी आपल्या रानात मोजकेच आहेत. ते गेले तर झाड मरत नाही, फुलतेही आणि फळतेही. फक्त त्याच्या बिया त्याच्याच सावलीत पडून कुजतात. ब्राझीलमध्ये, जिथे टुकानसारखे मोठे फळभक्षी पक्षी नाहीसे झाले तिथे, एका जातीच्या रानताडाच्या बियाच लहान होत गेल्याचे २०१३ मध्ये दाखवून दिले गेले, कारण लहान पक्ष्यांच्या घशातून तेवढ्याच जाऊ शकत होत्या. लहान बी लवकर सुकते. दीडदोनशे वर्षे उभ्या असलेल्या झाडांच्या देवराईत उभे राहून सगळे जागच्या जागी आहे असे वाटते, तेव्हा मी आताशा वर पाहण्याऐवजी खाली रोपे शोधू लागतो.

धनेशाला घरट्यासाठी जुन्या, जाड बुंध्याच्या झाडातील ढोली लागते. मादी आत शिरून ढोलीचे तोंड लिंपून घेते आणि कित्येक आठवडे फटीतून नर आणून देईल त्या फळांवर आत राहते. पुष्कळदा ही ढोली जुन्या बेहड्यात असते. कोकणातले बहुतेक रान खासगी मालकीचे आहे, मालक मुंबईत असतो, आणि दर काही वर्षांनी उभे रान लाकडाच्या व्यापाऱ्याला ठोक भावाने देण्याचा सौदा फोनवरच होतो. त्या सौद्यात हापूसची कलमे आणि दारचे फणस सोडून बाकी सगळे, असे सांगायला कोणी विसरत नाही. बेहड्याला जळाऊ लाकडाचाच भाव येतो. म्हणजे ढोलीचा एखाददुसरा बेहडा आणि त्याच्या आसपासचे वड-उंबर त्या सोडलेल्या झाडांत घातले तरी सौद्याची रक्कम फारशी हलत नाही. आमच्या भावकीच्या सामाईक रानाचा पुढचा सौदा होईल तेव्हा ही झाडे आधी रंगाने खुणावून ठेवू, असे मी चुलत्यांशी बोलून ठेवले आहे. त्यांचा पहिला प्रश्न होता की खुणावलेली झाडे व्यापारी खरोखर सोडील का, आणि तोडीच्या दिवशी घरातले कोणीतरी रानात हजर राहिल्याशिवाय त्याचे उत्तर मिळणार नाही.