तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रॅगन का लावत नाही?

"बीएस्सी ॲग्री झालाय, आणि अजून ड्रॅगन फ्रूट नाही लावलं?" लग्नात विचारतात, सांगोल्याच्या स्टँडवर विचारतात, परवा एका मयतीला गेलो तर तिथंही विचारलं. आजवर "बघू की" म्हणून सुटत आलो. आता एकदाच लिहितो.

मी नव्याला भिणारा माणूस नाही. वस्तीवर पहिलं ठिबक माझं. ज्वारीची जुनी मालदांडी सोडून फुले वसुधा हे नवं वाण पेरलं तेही मीच. कडबा कसा पडेल या काळजीनं वडील महिनाभर धड बोलले नव्हते. पण ज्वारी चुकली तर एक रब्बी जाते. ठिबक जमलं नाही तर नळ्या गुंडाळून ठेवता येतात. फळबाग चुकली की चार-पाच वर्षं गेली आणि वर सोसायटीचं कर्ज.

हे झालं वकिली उत्तर. सगळ्यांना हेच देतो.

खरं उत्तर भगवा जातीच्या डाळिंबात आहे. २००६ च्या पावसाळ्यात मी रोपं करायला माझ्या झाडांवर गुट्या बांधल्या. फांदीची साल काढायची, ओलं शेवाळ लावायचं, प्लास्टिक गुंडाळून सुतळीनं आवळायचं. आतून पांढऱ्या मुळ्या दिसल्या की रोप तयार, कापायचं. मेव्हणा आला आणि ओल्या गोणपाटात तीनशे गुट्या बांधून घेऊन गेला. जमीन कसली लागते, उन्हाळ्यात पाणी किती लागेल, काही विचारलं नाही. "दाजी, तुमची बाग बघितली, आणखी काय बघायचं?" मी फुगलो.

कॉलेजात विस्तार शिक्षणाच्या तासाला शिकलो होतो: नवं सगळ्यात आधी घेणारे अडीच टक्के, सगळ्यात मागं राहणारे सोळा. आयोवातल्या संकरित मक्याचा १९४३ चा अभ्यासही होता. बियाण्याची बातमी विक्रेत्याकडून कळते, पण पेरायचं धाडस शेजाऱ्याकडं बघून येतं. हे लिहून मार्क मिळवले होते. त्या शेजाऱ्याचं पुढं काय होतं, ते अभ्यासक्रमात नव्हतं.

तिसऱ्या वर्षी मेव्हण्यानं पहिला मृग बहार, म्हणजे पावसाच्या तोंडावरची फुलं, धरला आणि बागेवर तेल्या रोग आला. आधी पानावर तेलकट ठिपका, मग फळावर काळा डाग, आणि त्या डागातूनच फळ उकलतं. आतले दाणे दिसत असतात, लाल, चांगले. बोर्डो मारलं, स्ट्रेप्टोसायक्लीन मारलं, सगळ्या फवारण्या झाल्या, पाऊस उघडेना. शेवटी जेसीबी लावून बाग काढली.

आता जे कुणाला सांगितलेलं नाही ते. गुट्या कापताना माझ्या चार झाडांच्या पानांवर ठिपके होते. उन्हाचे चट्टे असतील, असं मीच मला सांगितलं. सोलापूरजवळ केगावचं डाळिंब संशोधन केंद्र वर्षापूर्वीच, २००५ ला सुरू झालं होतं. दोन पानं पिशवीत घालून जायला हवं होतं. मी खताच्या दुकानात विचारलं.

तेल्या रोपातून जातो हे खरं. वारा-पावसातूनही पसरतो हेही खरं, आणि तोवर तालुक्यातल्या कितीतरी बागा गेल्या होत्या. माझ्या गुट्या नसत्या तरी त्याची बाग गेलीच असती, असं मी रात्री म्हणतो. सकाळी ते पटत नाही.

त्या भाऊबीजेला सासुरवाडीत पंगतीत बसलो होतो. ताटात शेंगापोळी. सासरे सगळ्यांदेखत म्हणाले, "पाव्हणं, आता काय लावायचं म्हणताय?" टोमणा होता की खरंच विचारत होते, मला आजही कळलेलं नाही. येताना बायको मोटारसायकलवर मागं बसून एक शब्द बोलली नाही.

तर तुमचा प्रश्न. ड्रॅगन लावलंच नाही असं नाही. गोठ्यामागं ड्रॅगनच्या वेली चढवलेले दहा खांब उभे आहेत. कुणी बघितलं तर "हिची हौस" म्हणतो. गेल्या महिन्यात मेव्हणा म्हशीला बघायला म्हणून मागं गेला आणि बराच वेळ आला नाही.

"दाजी, लावायला चार कांड्या द्या की," म्हणाला.

"बघू की," म्हणालो.