सरकारी रुळांवरचा गहू

स्टेप्टो ब्यूट या टेकडीवरचा सूर्यास्त आमचा हुकला आणि त्याला कारण ठरली एक मालगाडी. जावयांनी सकाळपासून हवामान पाहून वेळ ठरवली होती, कॅमेऱ्याची बॅटरी भरून ठेवली होती, आणि ओक्सडेल नावाच्या चिमुकल्या गावात रस्ता ओलांडणाऱ्या रुळांवर रिकाम्या वाघिणी मुंगीच्या चालीने मागे-पुढे होऊ लागल्या. फाटक नव्हते, चौकीदार नव्हता. आडव्या-तिडव्या फुलीची पांढरी पाटी आणि तिच्यापलीकडे धुळीने माखलेल्या वाघिणी, एवढेच काय ते होते. जावई घड्याळ पाहत होते. मी मात्र दार उघडून खाली उतरले आणि पुढचा पाऊण तास पुन्हा गाडीत बसले नाही.

मुलगी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला पुलमनच्या विद्यापीठात शिकवते, म्हणून ऑगस्टमध्ये आम्ही तिच्याकडे गेलो होतो. सिएटल पाहिले, माउंट रेनियर पाहिला, दोन्ही सुंदर आहेत आणि दोन्हींविषयी पुष्कळांनी लिहिलेले आहे. मुलीच्या गावाभोवतालच्या पलूस प्रांताविषयी मात्र आपल्याकडे कोणी फारसे बोलत नाही. वाऱ्याने वाहून आणलेल्या मातीच्या या टेकड्या आहेत. शेतांना कुंपण नाही, झाड क्वचित, आणि नजर पोहोचेल तिथवर गहू. आम्ही गेलो तेव्हा कापणी ऐन भरात होती. हवेत भुसा इतका की माझ्या चष्म्याच्या काचा दर तासाला पुसाव्या लागत. छायाचित्रकारांना हा प्रदेश फार प्रिय आहे, याची मला थोडी चीडच आली. रस्त्याच्या कडेला तिपाई लावून उभ्या असलेल्या दहा जणांपैकी एकानेही मागच्या कोठीत धान्य ओतणाऱ्या माणसाकडे मान वळवलेली मी पाहिली नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याची. बँकेत पीककर्ज विभागात तीस वर्षे काढली, त्यामुळे शेतमाल कुठून उचलला जातो आणि कुठे जातो, याकडे माझे डोळे आपोआप वळतात. ओक्सडेलला रुळांच्या कडेला गव्हाची उंच कोठी होती. तिला तिकडे एलेव्हेटर म्हणतात. एक माणूस हातात वॉकीटॉकी धरून गाडीबरोबर पायी चालत होता आणि इंजिनाला सूचना देत होता. वाघीण नळीखाली आली की तो हात वर करी, गाडी थांबे, वरचे झाकण उघडे आणि गहू पावसाच्या सरीसारखा आवाज करीत आत पडू लागे. रुळांच्या मधे सांडलेल्या दाण्यांना कोंब फुटले होते. मी वाकून रुळाच्या बाजूवरची उठावाची अक्षरे वाचू लागले. कारखान्याचे नाव झिजले होते. वर्षाचे १९ हे आकडे बोटाला स्पष्ट लागत होते, पुढचे दोन मात्र गंजाने खाल्ले होते.

“जपून हो, ही लाईन तुमच्या-माझ्याहून म्हातारी आहे,” असे मागून कोणीतरी इंग्रजीत म्हणाले. आमच्या गाडीमागे ट्रक थांबवून उभे असलेले एक वयस्क शेतकरी होते. त्यांच्याकडे अर्धी टोपली आलुबुखार होते; ते त्यांनी आमच्यापुढे धरले आणि आम्ही तिघांनी ते न धुताच खाल्ले. ही गाडी कोणत्या कंपनीची, असे मी विचारले. ते म्हणाले, गाडी चालवणारी कंपनी खाजगी आहे, रूळ मात्र सरकारचे आहेत. दिल्लीसारख्या केंद्राचे नव्हेत, राज्याचे. त्यांच्या तोंडी अर्थात दिल्ली नव्हती, वॉशिंग्टन डीसी होते, पण मला ते असेच ऐकू आले.

मी चकितच झाले. अमेरिकेत रेल्वे म्हणजे खाजगी भांडवलाचा बालेकिल्ला, असेच मी समजत आले होते. घरी येऊन वाचल्यावर सगळा उलगडा झाला. १९८० मध्ये स्टॅगर्स कायदा आला, तोट्यातल्या शाखा बंद करणे मोठ्या कंपन्यांना सोपे झाले; त्याच वर्षी मिलवॉकी रोड या रेल्वे कंपनीने पश्चिमेकडचा आपला मार्गच सोडून दिला, ज्याच्या काही भागावर आज सायकलस्वार फिरतात. उरलेल्या गव्हाच्या शाखा लहान कंपनीकडे गेल्या, आणि तिलाही परवडेना तेव्हा राज्याने २००४ आणि २००७ मध्ये दोन टप्प्यांत त्या विकत घेतल्या. पलूस रिव्हर अँड कूली सिटी या नावाच्या तीन फाट्यांची लांबी २९७ मैल, म्हणजे सुमारे ४७८ किलोमीटर आहे. राज्य मालक, आणि भाडेकराराने गाड्या चालवणारे खाजगी. राज्याच्या मालकीच्या गव्हाच्या वाघिणीही त्याआधीच, १९९४ पासून, धावत होत्या.

शेतकरीबाबांचे म्हणणे असे होते की, सरकारने हे उपकार म्हणून केलेले नाही. इथला मऊ पांढरा गहू बहुतेक परदेशी जातो, जपान-फिलिपिन्समध्ये त्याचे केक, बिस्किटे आणि नूडल्स होतात. तो समुद्रापर्यंत नेण्याच्या वाटा तीनच आहेत: ट्रक, रेल्वे, आणि स्नेक नदीवरचे तराफे, म्हणजे सपाट बुडाच्या मालनौका. एका वाघिणीत साधारण तीन-चार ट्रकांचा माल मावतो. रूळ उखडले, तर तेवढे ट्रक गावच्या रस्त्यांवर येणार आणि डांबराचा खर्च शेवटी सरकारच्याच बोडक्यावर बसणार. शिवाय, “एकच वाट उरली की त्या वाटेचा मालक भाव ठरवतो.” हे वाक्य आमच्या बाजार समितीत उभ्या असलेल्या कोणत्याही कापूस उत्पादकाने उच्चारले असते, तर मला नवल वाटले नसते.

पण वाट राखणे फुकट नसते. जुन्या रुळांना आजची २,८६,००० पौंडांची, म्हणजे सुमारे १३० टनांची भरलेली वाघीण जड जाते, म्हणून बऱ्याच ठिकाणी गाडी ताशी दहा मैलांनीच चालवावी लागते. खालचे कुजके स्लीपर बदलायचे, खडी भरायची, लाकडी पूल सांभाळायचे. यासाठी दर अधिवेशनात आमदारांकडे हात पसरावे लागतात, आणि बहुतेक मतदार डोंगरांपलीकडे सिएटलकडे राहतात. त्यातच, ओक्सडेलपासून थोडे पुढे मॅककॉय येथे शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी ११० वाघिणींची गाडी एकदम भरणारी अवाढव्य कोठी बांधली आहे. तिच्यामुळे ही लाईन तगली, हे शेतकरीबाबा मान्य करीत होते. पण सगळेच जर ट्रकने मॅककॉय गाठू लागले, तर तिथून पुढच्या रुळांचे काय, हा प्रश्नही त्यांनीच विचारला.

त्याहून मोठा प्रश्न नदीचा आहे. स्नेकच्या खालच्या भागातली चार धरणे १९६२ ते १९७५ या काळात उभी राहिली आणि त्यांच्यामुळेच तराफे थेट आयडाहोतल्या ल्युइस्टनपर्यंत येतात. सॅमन माशांसाठी ही धरणे फोडावीत, अशी नेझ पर्स आणि इतर आदिवासी राष्ट्रांची मागणी आहे. २०२३ च्या डिसेंबरात केंद्राने त्यांच्याशी करार केला होता, २०२५ च्या जूनमध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी तो मोडीत काढला. धरणे गेली, तर तराफ्यांचा गहू रुळांवर येईल आणि या मोडक्या लाईनचे दिवस पालटतील. शेतकरीबाबांना धरणे हवीच होती. मला मात्र मासे ज्यांचे अन्न होते त्यांचे म्हणणेही पटत होते. पाहुणीने ते बोलून दाखवावे की नाही, या संकोचात मी आणखी एक आलुबुखार खाल्ला.

मग त्यांनी माझ्या गावच्या रेल्वेविषयी विचारले आणि माझी पंचाईत झाली. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, अशी आमची अरुंद रुळांची शकुंतला वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे आणि तिथून मँचेस्टरकडे नेण्यासाठीच घातली गेली. स्वातंत्र्यानंतर देशातली रेल्वे सरकारी झाली, पण ही लाईन किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने स्थापलेल्या कंपनीच्याच नावे राहिली. सरकार गाडी चालवी आणि कंपनीला मोबदला देई. त्यांच्याकडे रूळ सरकारचे आणि गाडी खाजगी, आमच्याकडे गाडी सरकारची आणि रूळ खाजगी. ते ऐकून शेतकरीबाबा इतके हसले की, वॉकीटॉकीवाल्याने वळून पाहिले. “मग रुळांची दुरुस्ती कोण करी?” त्यांनी विचारले. मी उत्तर देऊ शकले नाही, कारण उत्तर दारव्ह्याच्या स्टेशनवर गवतात पडलेले आहे.

तिथे एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही, ती इथे लिहिते. दारव्हा मोतीबागहून सुटणारी ती गाडी माझ्या लहानपणी आमचे घड्याळ होती. गार्ड स्वतः उतरून फाटक लावी, गाडी गेली की उघडी आणि पळत जाऊन मागचा डबा पकडी. १९९४ मध्ये वाफेचे इंजिन गेले, तेव्हा मी बँकेत होते. नंतर तिचे वेळापत्रक विस्कटत गेले आणि शेवटी गाड्या थांबल्या, तेव्हा गावात निवेदने फिरली. त्यांवर मी सही केली. पण यवतमाळला मीटिंगला जायचे झाले की मी एसटीच धरीत असे, कारण ती लवकर पोहोचवी. कापूसही केव्हाच ट्रकने जाऊ लागला होता आणि त्या ट्रकांची कर्जे माझ्याच टेबलावरून मंजूर झालेली होती.

गाडी हलली, रस्ता मोकळा झाला. आम्ही टेकडीवर पोहोचलो तेव्हा पश्चिमेला नुसता तांबूस पट्टा उरला होता आणि तिपाईवाले आपापली तिपाई गुंडाळीत होते. जावयांनी तोंडाने काही म्हटले नाही, हा त्यांचा मोठेपणा.

निघण्याच्या आदल्या दिवशी मुलीने मला पुलमन-कोलफॅक्स रेल्वे फाट्यावर नेले. २००६ मध्ये आगीत तिथला लाकडी पूल जळाला, तेव्हापासून त्या तुकड्यावर गाडी गेलेली नाही. तिथे पायवाट व्हावी की रूळ राखावेत, यावर गावात दोन तट आहेत. आपण कोणत्या तटात, असे मी मुलीला विचारले. “मी सायकल चालवते, आई,” ती म्हणाली. स्लीपरांमधून काळ्या बेरीच्या काटेरी वेली वर आल्या होत्या. पदराचे टोक त्यांत अडकले, ते सोडवायला आम्हा दोघींना बराच वेळ लागला.